दहा चुका

कुडचड्याच्या बाजारात इनासच्या पोराने
काउंटरवर दोन पेनड्राइव्ह ठेवले,
सोनार कुड्या दाखवतो तसे, मऊ कापडावर.

"काका, हा दोन तोंडांचा.
एक कंप्युटरला, एक मोबाइलला.
टीव्हीला चालतो, गाडीत चालतो,
कुणालाच नाही म्हणत नाही."

आणि हा?

"हा घट्ट तोंडाचा. अंगावर बारीक बटणं आहेत बघा.
आपला आकडा दाबल्याशिवाय उघडत नाही.
दहा वेळा चुकलात
की पोटातलं सगळं आपणच पुसून टाकतो."

हे शेवटचं तो कौतुकाने म्हणाला,
शेजारच्याचा कुत्रा किती चावरा आहे सांगावं तसं.

मी अठरा वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर होतो.
भरलेला ट्रक चढायचा, टेबलावरचा चहा थरथरायचा,
मी आकडा लिहायचो.
रिकामा परत यायचा, मी आकडा लिहायचो.
दोन आकड्यांमधली लाल माती
जेटीवर, बार्जमध्ये, पुढे कुठल्या देशात, देव जाणे.
कधी साहेब म्हणायचे, हा ट्रक तू बघितला नाहीस.
मी म्हणायचो, बरं.
आणि रात्री घरी दुसऱ्या वहीत तो बघायचो.

सात वह्या. एक वाळवीने वाचली.
सहांचे फोटो भाच्याने काढून दिले, पानन् पान,
कशाच्या ते न विचारता.

म्हणजे ठेवायला माझ्याकडे दोनच गोष्टी:
मंडळाची भजनं
आणि न बघितलेले ट्रक.

भजनांना दोन तोंडांचाच बरा.
आज पखवाजवाला नेईल, उद्या रिक्षावाला,
परत येईल तेव्हा त्यात कुणाच्या तरी बारशाचे फोटो,
एखादा व्हायरस, कुणाचा तरी नोकरीचा अर्ज.
पोदेराच्या सायकलीसारखा दारोदार फिरून येईल.

वह्यांना मात्र कुलूप हवं, असं वाटत होतं मला.
पण आकडा लिहून ठेवला तर कुलूप कशाला,
आणि नाही लिहिला तर?
परवा बँकेत जन्मतारीख विचारली,
मी एका टिपरचं वजन सांगितलं.

"बायकोला सांगून ठेवा ना," पोरगा म्हणाला.
बायकोला! तिला अजून वाटतं,
मी रात्री नारळांचा हिशेब लिहायचो.

एकच आकडा कधी विसरणार नाही.
गोकुळदास वेळीप, संध्याकाळी सहा दहा,
सोळा टन चारशे वीस.
रिकामा ट्रक परत आला नाही.
वळणावर तो ट्रकखाली सापडला तेव्हा
साहेबांच्या वहीत त्या दिवशी त्याची सुट्टी होती.
सुट्टीवरच्या माणसाची भरपाई कसली?
मी म्हटलं, बरं.

हाच आकडा कुलपाला लावला असता, मस्त जमलं असतं.
बोट बटणावर ठेवून बघितलंही.
मग दहा चुका मोजू लागलो.
त्याच्या बाराव्याला गेलो नाही, एक.
त्याची बायको काट्यावर आली, मी चहा आणायला गेलो, दोन.
पुढच्या चतुर्थीला तिच्या दारावरून
मान खाली घालून, तीन.
दहा कधी ओलांडले कळलं नाही.
पुसलं काहीच गेलं नाही.

"कुठला देऊ, काका?"
दोन तोंडांचा.
"स्वस्तही आहे," तो म्हणाला, जरा हिरमुसून.

रिवणला बस दुपारी पोचते.
गोकुळदासची मुलगी आता कॉलेजात आहे,
दारात उभी, आधी ओळखलंच नाही तिने.
मी काही बोलायच्या आत खिशातून तो काढला,
म्हटलं, तुझ्या मोबाइलला लागतो का बघ.
लागला.
वर भजनं दिसली, सत्तावीस. ती हसली.
खाली सहा वह्या.
मोबाइल विचारतो आहे, उघडायचं का?
ती माझ्याकडे बघते आहे,
अंगठा काचेपासून तांदळाभर वर.